सव्वीस रविवार थ्रेशियात: जेनेल जॅक्वेज बाईंच्या डंजनचा रिव्ह्यू

सावंत काकांनी दोन ग्राफ पेपर टेबलावर शेजारी शेजारी सरकवले, कडा जुळवल्या, आणि काही न बोलता पेन्सिलच्या मागच्या टोकाने एका जागी टकटक केलं. डावीकडच्या कागदावरून एक बोळ काठापर्यंत येऊन थांबला होता, तो आम्ही तिसऱ्या रविवारी अर्धवट सोडून पळालेलो. उजवीकडचा कागद त्या दिवशीचा, नववा रविवार, आणि त्यावर दुसऱ्याच बाजूने येणारा एक बोळ काठाशी थांबलेला. दोन्ही रेघा एकाच चौकोनात. मी डीएम, म्हणजे आमचा डंजन्स अँड ड्रॅगन्सचा खेळ चालवणारा, त्यामुळे ओरिजिनल नकाशा माझ्यापुढे आडोसा करून ठेवलेला होता, कुणाला दाखवलेला नव्हता, काकांनी जे काढलं ते फक्त माझ्या तोंडचं ऐकून, "वीस फूट सरळ, मग डावीकडे वळण, मग दहा फुटांवर दार" असं. तरी रेघ रेघेला जाऊन मिळाली. काका आयुष्यभर ड्राफ्ट्समन होते, मशीनची ड्रॉइंग काढण्यात केस पांढरे झाले त्यांचे, ते म्हणाले, "बाईंनी हे अंदाजपंचे नाही काढलेलं हां, बसून काढलंय." आणि मग काकूंकडे चिकटपट्टी मागितली.

बाई म्हणजे जेनेल जॅक्वेज, अशा खेळांसाठी डंजन आखणाऱ्या अमेरिकन गेम डिझायनर. १० जानेवारी २०२४ ला गेल्या, वय ६७. आदल्या ऑक्टोबरमध्ये त्यांना गियाँ-बारे सिंड्रोम झाला होता, म्हणजे तोच जीबीएस ज्याचं नाव पुढे २०२५ च्या सुरुवातीला पुण्यातल्या पेशंटमुळे आपल्याकडे घराघरात पोचलं. बातमी वाचली तेव्हा मी लोकलमध्ये होतो, परळ आलं तरी फोन हातातच होता. ज्या बाईंना कधी भेटलो नाही, ज्यांचा देश बघितला नाही, त्यांच्यासाठी इतकं वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं. त्याच रात्री ग्रुपवर मेसेज टाकला की आपण बाईंचं एक मॉड्यूल, म्हणजे त्यांनी लिहून ठेवलेलं एक डंजन, पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळायचं, मध्ये सोडायचं नाही. सगळे हो म्हणाले. फेब्रुवारीत सुरू केलं, महिन्यातून एक, कधी दोन रविवार, मेगाब्लॉकमुळे बुडाले ते वेगळे कारण ओंकार डोंबिवलीहून येतो आणि तन्वी बोरिवलीहून, म्हणून तर बैठक परळला काकांकडे. आता संपलं. म्हणून हा रिव्ह्यू, उशिरा का होईना.

ज्यांना हा खेळच माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. टेबलटॉप रोलप्लेइंग म्हणजे चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, एक जण डीएम, बाकीच्यांचं एकेक कॅरेक्टर, डीएम सांगतो समोर काय आहे, खेळाडू सांगतात आम्ही काय करतो, आणि जिथे नक्की होईल की नाही ते माहीत नसतं तिथे फासे टाकायचे. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा त्यातला पहिला छापील खेळ, १९७४, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा. मॉड्यूल म्हणजे कुणीतरी आधीच लिहून ठेवलेली जागा, नकाशा, तिथले रहिवासी, सापळे, खजिना. आणि डंजन म्हणजे ती जमिनीखालची जागा.

आम्ही खेळलो ते "केव्हर्न्स ऑफ थ्रेशिया". १९७९ चं, जजेस गिल्ड नावाच्या इलिनॉयमधल्या छोट्या कंपनीने काढलेलं. बाई तेव्हा जेमतेम बावीस-तेवीसच्या. एक सांगून ठेवतो, जुन्या प्रतीवर लेखकाचं नाव वेगळं दिसेल, गोंधळू नका, बाईंनी २०११ मध्ये आपण ट्रान्स आहोत हे जगाला सांगितलं आणि जेनेल हे नाव घेतलं, पुस्तक त्यांचंच आहे.

आता मुद्द्यावर येतो, हे मॉड्यूल इतकं भारी का.

मी गिरगावात चाळीत वाढलो. तीन मजले, पुढे लाकडी जिना, मागे संडासांच्या बाजूने दुसरा जिना, प्रत्येक मजल्याला लांब सज्जा, आणि वर गच्ची, आणि गच्चीवरून कठडा ओलांडला की शेजारच्या चाळीची गच्ची. आम्ही डबा ऐसपैस खेळायचो. ज्याच्यावर राज्य तो खाली अंगणात डब्यापाशी, बाकीचे लपलेले, आणि राज्य घेणारा शोधायला जरा डब्यापासून लांब गेला की कुणीतरी येऊन डब्याला लाथ मारायची. तो पुढच्या जिन्याने वर चढला की आपण मागच्या जिन्याने खाली, त्याला कळलं की दोघं मागून येतायत तर तो मागे उभा राहणार, मग तिसरा गच्चीवरून शेजारच्या चाळीत उतरून तिथल्या दारातून रस्त्याने फिरून पुढून येणार. एकच जिना असता तर हा खेळच झाला नसता. राज्य घेणारा जिन्याच्या तोंडाशी उभा राहिला असता, संपलं.

बहुतेक डंजन एका जिन्याचे असतात. खोली एक, मग खोली दोन, मग खोली तीन, शेवटच्या खोलीत मोठा राक्षस, त्याच्या मागे पेटी. मी स्वतः कितीतरी वर्षं असेच लिहिले. खेळाडू लढतात, पुढे जातात, लढतात, पुढे जातात. पण कुठे जायचं हे त्यांनी ठरवलेलंच नसतं, ते आपण आधी ठरवून टाकलेलं असतं.

थ्रेशियात पहिल्या लेव्हलला, म्हणजे पहिल्या मजल्याला, आत शिरायच्या वाटाच तीन. पहिल्या लेव्हलवरून खाली उतरायला सरळसोट दिसणाऱ्या वाटा दोन, आणि त्याशिवाय चोरवाटा आणि आडमार्गाच्या वाटा कितीतरी, त्यातल्या काही मधली लेव्हल सोडून एकदम खोल नेणाऱ्या. दुसरी लेव्हल म्हणजे जणू दादर स्टेशन, कुठूनही आलात तरी इथे पोचता आणि इथून कुठेही जाता येतं. बोळ फिरून परत पहिल्या जागी येतात. सरळ वाट जवळजवळ नाहीच. दादरला पहिल्यांदा उतरलेला माणूस गर्दी जाईल त्या पुलावर चढतो, रोजचा माणूस मात्र कुठला डबा कुठल्या पुलापाशी लागतो ते बघूनच गाडीत चढतो, कारण त्याला फुलबाजारात उतरायचंय की सेंट्रलची गाडी पकडायचीय हे त्याचं त्याला ठाऊक असतं. थ्रेशियात खेळाडू पहिल्या महिन्यात नवखे असतात आणि सहाव्या महिन्यात रोजचे होतात, आणि ते होताना बघणं यासारखं सुख डीएमला नाही, खरंच नाही.

तिसऱ्या रविवारचं सांगतो. पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या कॅरेक्टरांची टोळी, पहिल्या दिसलेल्या वाटेने आत गेली, नोल भेटले, म्हणजे तरसाच्या तोंडाची माणसं, अंगाने आडदांड. केतनचा शिपाई दुसऱ्याच फाशाला मेला. बाकीचे पळाले, काकांची रेघ कागदाच्या काठाशी तुटली ती तेव्हा. घरी जाताना ओंकारचा मेसेज, "आपण मेलो नाही तरी हरलोच, आता जास्त जण घेऊन परत त्याच दारात जायचं का?" आणि तन्वीने लिहिलं, "त्याच दारात का? दुसरं दार शोधूया की." बस, हे एक वाक्य. मी काही सुचवलं नव्हतं. पुढचे पाच-सहा रविवार त्यांनी बाहेर अवशेषांमध्ये हिंडून दुसरी वाट शोधली, तिने आत गेले, फिरत फिरत नवव्या रविवारी एका बोळातून डोकावले तर समोर नोलांच्या पाठी. ते सगळे जुन्या वाटेकडे तोंड करून पहारा देत बसलेले. टेबलावर कुणी श्वास घेत नव्हतं. काकू चहा घेऊन आल्या त्यासुद्धा ट्रे हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. हे काकांच्या चिकटपट्टीच्या आधी दहा मिनिटं.

मी लढाई लिहिली नव्हती, बाईंनीही ती तशी लिहिलेली नाही. त्यांनी फक्त जागा अशी काढली की तन्वीला ते वाक्य सुचावं.

जागेची गोष्टसुद्धा एकपदरी नाही. सरडेमाणसं, पशुमुंडी माणसं, साधी माणसं, प्रत्येकाच्या काळाचे थर एकावर एक, शिवाय मृत्यूच्या देवाचा, थॅनॅटोसचा पंथ आजही तिथे पूजा करतोय, आणि खोल कुठेतरी बैलाच्या डोक्याचा मिनोटॉर राजा. भिंतींवरून, पुतळ्यांवरून, कोण कुठे राहतंय आणि कुठे राहायला घाबरतंय यावरून खेळाडू इतिहास जुळवतात. काका मूळ परळचे, त्यांना हे लगेच भिडलं. ते म्हणाले आपल्या परळचंही असंच, १९३१ मध्ये रस्ता खणताना एवढा थोरला शिव सापडला, आज बारादेवीच्या देवळात आहे, त्यावर वस्ती, त्यावर गिरण्या, आणि आता गिरणीच्या चिमणीशेजारी टॉवर. मग पुढचे दोन रविवार ते प्रत्येक खोलीत विचारायचे की दगड कुठल्या घडणीचा आहे, बांधकाम जुनं की नंतरचं. आणि गंमत म्हणजे त्या प्रश्नांचा खेळात उपयोग झाला, कारण जुनं बांधकाम दिसलं की आसपास चोरवाट असणार हे त्यांनी ताडलं.

आता कमी कुठे पडतं तेही सांगायला हवं, नाहीतर कुणीतरी विकत घेईल आणि मला शिव्या घालेल.

एक, वाचायला त्रास. अक्षर बारीक, दोन कॉलममध्ये ठासून भरलेलं, खोलीचं वर्णन, राक्षसांचे आकडे आणि खजिना सगळं एकाच परिच्छेदात. सेशनच्या आधी हायलायटर घेऊन बसल्याशिवाय चालवूच नका. मी प्रत्येक टोळीची वेगळी वही केली, ते किती, कुठे झोपतात, कुणाशी वैर, आरडाओरडा ऐकला तर कुठल्या वाटेने येतील. ही माहिती पुस्तकात आहे पण दहा ठिकाणी विखुरलेली. एका पानात मिळाली असती तर माझे तीन शनिवार वाचले असते.

दोन, आकडे १९७० च्या दशकातल्या नियमांचे. आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी एडिशन खेळतो, त्यामुळे सगळं बदलून घ्यावं लागलं. जुन्या नियमांत नवखं, अगदी पहिल्या पायरीवरचं कॅरेक्टर म्हणजे एका घावात खलास, आणि थ्रेशिया ते गृहीत धरूनच लिहिलंय. मी बदलताना थोडं मऊ केलं तरी आमची अकरा कॅरेक्टर मेली. तन्वीची जादूगार नऊ महिने जगून एका सापळ्यात गेली तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली होती, आम्ही पण. लहान मुलांबरोबर खेळणार असाल तर हे आधी बोलून घ्या.

तीन, नकाशे. यात पुस्तकाची चूक नाही, पण ऐका. मी पीडीएफ घेतली आणि दादरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढल्या, त्यांनी न विचारता पानाच्या मापात बसवून छापलं, चौकोन इतके बारके झाले की पहिल्या रविवारी मी दोनदा फूट चुकीचे सांगितले आणि काकांचा अख्खा कागद बाद. नकाशाची पानं वेगळी काढा, ए-थ्रीवर घ्या, आणि समोर उभं राहून बघा.

गुडमन गेम्स या प्रकाशकाने थ्रेशियाची नवी आवृत्तीही काढायला घेतली, नव्या नियमांना जुळवून. ज्यांना आकडे बदलण्याचा कंटाळा त्यांनी तिकडे बघावं, पण परदेशातून छापील पुस्तक मागवताना टपाल आणि कस्टम ड्यूटी धरून हिशोब करा. मला जुनीच प्रत आवडते, हाताने काढलेली रेघ तिच्यात आहे.

बाईंचं काम एवढ्यावर थांबत नाही. कॉलेजात असताना १९७६ मध्ये त्यांनी मित्रांबरोबर "द डंजनीअर" नावाचं छोटं मासिक काढलं, पहिल्याच अंकात स्वतःचं एक डंजन छापलं, तेव्हा असं तयार डंजन छापणारे जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. थ्रेशियाच्याच वर्षी "डार्क टॉवर", डोंगराच्या पोटात गाडले गेलेले दोन मनोरे, एक मित्र नावाच्या देवाचा, एक सेट नावाच्या देवाचा. १९८१ मध्ये रूनक्वेस्ट नावाच्या दुसऱ्या रोलप्लेइंग खेळासाठी "ग्रिफिन माउंटन", त्यात तर डंजन बाजूलाच, अख्खा मुलूख उघडा ठेवलाय, जा कुठे जायचं तिथे. चित्रकलाही त्यांचीच, पुढे डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या मूळ कंपनीत, टीएसआरमध्ये, चित्रकार म्हणून होत्या. मधल्या काळात कोलेको नावाच्या कंपनीत व्हिडिओ गेमचं काम, पॅक-मॅन आणि डाँकी काँग छोट्या मशीनवर आणण्याचं. आणि मग इड सॉफ्टवेअरमध्ये लेव्हल डिझायनर, म्हणजे व्हिडिओ गेममधल्या जागा आखणाऱ्या, क्वेक टू आणि क्वेक थ्री अरेना या खेळांच्या.

हे मला त्या गेल्यावर कळलं आणि मी वाचता वाचता उठून उभा राहिलो. कारण क्वेक थ्री मी कॉलेजात असताना सायबर कॅफेत खेळलोय, तासाला वीस रुपये, आठ पोरं आठ मशीनवर. त्या खेळाच्या मैदानांची सगळी मजा गोल फिरण्यात होती, एका कमानीतून पळायचं, उडी मारून वर, आणि पाठलाग करणाऱ्याच्याच मागे निघायचं. डबा ऐसपैस. म्हणजे मी बाईंचं नाव ऐकण्याच्या वीस वर्षं आधीपासून त्यांच्या टीमच्या हातच्या जागांमध्ये पळत होतो.

२०१० मध्ये अशा खेळांवर ब्लॉग लिहिणाऱ्या जस्टिन अलेक्झांडर यांनी एक लेख लिहिला, त्यात थ्रेशियाचा नकाशा सोडवून दाखवला आणि अशा वाटांच्या रचनेला बाईंच्या आडनावावरून क्रियापदच करून टाकलं. डंजनला अनेक दारं हवीत, वाटा गोल फिरायला हव्यात, लेव्हल एकमेकींना एकाहून जास्त जागी जोडलेल्या हव्यात, असं ते सगळं. नवीन डीएमनी तो नक्की वाचावा. पण त्याआधी एकदा तरी कुणाच्यातरी टेबलावर खेळाडू म्हणून थ्रेशियात हरवून बघा, मग लेखातली प्रत्येक ओळ अंगावर येते.

अजून एक लिहायचं राहू नये म्हणून लिहितो. शेवटच्या वर्षांत बाईंनी ट्रान्स मुलांसाठी पुष्कळ काम केलं. मुलांना जबरदस्तीने "बदलायचे" जे तथाकथित उपचार चालतात त्यांच्यावर बंदी यावी म्हणून अमेरिकेत जी मोहीम झाली तिच्यात त्या पुढे होत्या, ती व्हाइट हाउसपर्यंत पोचली आणि तिथून त्या उपचारांच्या विरोधात उत्तरही आलं. ज्या बाईंनी डंजनमध्येसुद्धा कुणाला एकाच वाटेने ढकललं नाही त्यांनी हे करावं यात मला नवल वाटलं नाही. त्यांच्या पत्नी रेबेका हाइनमन, त्याही जुन्या गेम प्रोग्रामर होत्या, २०२५ मध्ये त्याही गेल्या.

विकत घ्यावं का? डीएम असाल आणि तयारीला वेळ देणार असाल तर डोळे मिटून घ्या. फक्त एका दुपारी उघडून खेळायला हवं असेल तर हे नाही, हे वर्षाचं काम आहे. पाचपैकी साडेचार, अर्धा त्या बारीक अक्षरासाठी कापला.

आमचा शेवटचा रविवार झाला तेव्हा पार्टीतले दोघेच पहिल्या दिवसापासूनचे उरले होते, ओंकारचा चोर आणि काकांचा म्हातारा पुजारी. मिनोटॉर राजाला त्यांनी मारलं नाही, त्याला टाळून, आम्ही सगळे विसरलो होतो अशा पहिल्या महिन्यातल्या एका वाटेने वर निघाले. काकांनी कागदावर बोट ठेवून दाखवली ती वाट, कारण ती फक्त त्यांच्याकडे होती. चौदा ग्राफ पेपर चिकटवून झालेला नकाशा आता टेबलावर मावत नाही, जमिनीवर पसरावा लागतो. बाहेर वर आल्यावर ओंकारने विचारलं की डावीकडच्या त्या दारामागे काय होतं, जे आपण कधी उघडलंच नाही, आणि मी सांगितलं नाही, कारण दिवाळीच्या सुट्टीत परत जायचं ठरतंय.

दोन दिवसांनी काकांचा फोन आला. नकाशा शाईने पक्का करत होते, खाली उजव्या कोपऱ्यात ड्रॉइंगला असते तशी चौकट आखली होती, त्यात स्वतःच्या नावाच्या वर "मूळ रेखाटन, १९७९" असं लिहून झालं होतं. त्यांना बाईंच्या आडनावाचं स्पेलिंग हवं होतं. मी एकेक अक्षर सांगितलं, त्यांनी एकेक अक्षर परत म्हटलं.